मामाच्या बागेतली इटालियन गाडी

आमच्या सलीमभाईची जुनी इटालियन मोटारसायकल चालता चालता सायलेन्सरमधून फटाके फोडे. शेवटी आमी दोघांनी तिचं कार्बोरेटर साफ केलं, नवं इग्निशन बसवलं. गाडी एकदम मुकाट!

ऐटीत मोर्शीले मामाच्या संत्र्याच्या बागेत दाखवाले नेली. दर रविवारचं जेवन आमचं तिथंच राहे.

मामानं कान लावला. "फटाके कुठी गेले?"

"बंद केले, मामा!" सलीमभाई छाती फुगवून म्हने.

"कावून? यंदा कपाशी गेली, आता हे संत्रंच रायलं. त्या फटाक्यानं वांदरं भिऊन पयत होते. नाईतर तुमाले दर रविवारी जेवाले कायले बलावलं असतं?"

तेवढ्यात एक वांदर उतरलं अन् गाडीच्या सीटवर बसून संत्रं सोलाले लागलं.

मामा म्हने, "पह्यले गाडी बिघडवा, मंग जेवाले हात धुवा."