रिकाम्या बशीतला उजेड

आई : अगो श्रिये, पुण्यासून इलंस ती थेट बागेत? बॅग तरी घरात ठेव. चाय टाकतंय.

श्रिया : चाय रवांदे. आई, दादा खंय आसा?

आई : तो काय, वर. पायरी आंब्याच्या शेंड्यार. सकाळपासून तिसरा झाड.

श्रिया : झाडार? आणि तू खाली बसान बघतंस?

आई : मगे काय करू? सात वर्सां आंबे काढूक गड्यांच्या तोंडाकडे बघित रवलो. आता माझो झील स्वता चढता. तुझो फोन इल्यापासून घराक जीव इलो बघ.

श्रिया : हळू बोल. आज गोळी घेतल्यान तेणा?

आई : कसली गोळी? ती बंद केल्यान. तुझो फोन इलो तेच्या दुसऱ्या दिसापासून.

श्रिया : बंद? म्हंजे बारा दिस?

आई : तूच म्हणालंस ना, नवा औषध गावला म्हणान. त्या गोळीन माणसाचो लोळागोळा जाता गो. अंग जड, डोळ्यार सदाची झोप. म्हटला, नव्या औषधाआधी अंग वायच मोकळा होवंदे.

श्रिया : देवा रे! आई, आता मी सांगतंय ता आयक. ओरडू नको. वर बघू नको. नवा औषध नाय. माझी चूक झाली.

आई : काय बोलतंस तू?

श्रिया : हळू, हळू! तेका घाबरवूचा नाय. धावलो, घाबरलो, चिडलो की दादाचा काळीज ठेको सोडता. ह्याच दुखण्यान बाबूकाका पालखी नाचवता नाचवता कसो पडान गेलो, तू डोळ्यांनी बघितलंस. आधी तेका खाली आणूया. मगे सांगूया.

आई : तूच हाक मार.

श्रिया : दादा! ओ जितूदादा! चाय घेवक ये रे!

जितू : कोण? श्रिया? कधी इलंस गो? रव, ह्यो एक घोस काढतंय नि येतंय. आंबे काढूची घळ पोचत नाय, फांदीर वायच फुडे सरकतंय.

श्रिया : फुडे नको! म्हंजे... रवांदे तो घोस.

जितू : रवांदे? बाय माझे, ह्या घोसासाठीच तर चढलंय! काल तन्वीक खांद्यार घेवन देवळापर्यंत गेलंय. धाप लागाक नाय. पोर पाच वर्षांची झाली, पयल्यांदा बापाशीच्या खांद्यार बसली. सगळ्या गावाक हात दाखवीत होती.

आई : जितग्या, खाली ये बघू. श्रिया रातभर बसमधी होती, उपाशी आसा.

जितू : रातभर बस? फोन नाय, काय नाय? श्रिये, खरा सांग. काय झाला?

श्रिया : काही नाही रे. तुझं थोडं रक्त परत घ्यायचंय, म्हणून आले.

जितू : झाली पुण्याची भाषा सुरू! खोटा बोलताना तू लहानपणापासून अशीच बोलतंस. औषधाचा काय झाला?

श्रिया : खाली ये, मग सांगते.

जितू : नाय. हयसूनच आयकतंय.

आई : अरे, उतर रे बाबा!

जितू : आये, तू गप. सांग गो.

श्रिया : आधी घळ सोड. दोनय हातांनी फांदी धर. धरलंस?

जितू : धरलंय. बोल.

श्रिया : तुझ्या रगतापासून आमच्या लॅबमधी काळजाच्यो पेशी बनवल्यो, ता तुका म्हायत आसा. बशीत निळो उजेड पाडलो की त्यो ठोको देतत. दर ठोक्याक आमी घातलेलो रंग चमकता, कॅमेरो ती चमक टिपता. तुझी चमक वाकडीतिकडी. बाराशे औषधां घालून बघितलंय. एका औषधान चमक सरळ झाली. त्याच सांजेक तुका फोन केलंय.

जितू : "दादा, सुटलंस" म्हणालंस. रडत होतंस.

श्रिया : होय. परवा ताच औषध रिकाम्या बशीत घातलंय. एक पेशी नाय थंय. निळो उजेड पाडलंय, आणि रिकामी बशी चमकाक लागली.

जितू : म्हंजे?

श्रिया : औषध स्वताच चमकता, दादा. तेच्या उजेडात तुझी चमक दिसाकच नाय. पेशी भुतूर वाकड्योच धावत होत्यो. रिकामी बशी आधी बघूची असता, पयलो धडो तो आमचो. दुसऱ्या कोणाचा रगत असता तर मी बघितला असता. तुझा होता, म्हणान माका धीर धरवलो नाय.

आई : जितू, हालू नको हां. हालू नको.

जितू : आये, रडू नको. तू रडलंस की हय धडधड वाढता. श्रिये, पाय खंय ठेवू?

श्रिया : उजव्या पायाखाली जाडी फांदी आसा. सावकाश. हां. आता दम घे.

जितू : डोळ्यांफुडे अंधारी येता गो.

श्रिया : थंयच बस! खोडाक मिठी मार, डोळे मीट. मी वर येतंय.

जितू : तू? तू कधी झाडार चढलंस?

श्रिया : बोलू नको म्हटला ना!

(अर्ध्या तासाने, झाडाच्या बुंध्याशी. तिघंही जमिनीवर बसलेली, श्रियाची कोपरं खरचटलेली.)

आई : डॉक्टरांक फोन लावलंय. गोळी लगेच देवा म्हणाले, आणि तेका बांद्याच्या हॉस्पिटलात घेवन येवा. गाडी येता. जितू, ही गोळी घे. पाणी पी. मी खुळी, मीच तेका सांगितलंय, सोड ती गोळी म्हणान.

श्रिया : तू नाय आई, मी. एवढी शिकलंय आणि पोरासारखी उड्यो मारलंय. दी तो हात. नाडी बघतंय.

जितू : कशी आसा?

श्रिया : येता ठिकाणार. दादा, अजून औषधां येवची आसत. सगळी बघतंय मी. रिकामी बशी पयली, मगे तुझी.

जितू : बघ. सावकाश बघ.

श्रिया : शिव्यो दी. थोबाडीत मार. पण असो मायेन बोलू नको. माका सोसत नाय.

आई : वायच समजाव रे तिका. हातपाय तासून वर इली ती तुझ्यासाठी.

श्रिया : रागावलंस ना?

जितू : राग कसलो, गो. बारा दिस मी बरो होतंय.