मागच्या खोलीतला एसी

...आणि मोदकपात्र, तेसुद्धा नेलं! तुम्हाला सांगते, चतुर्थी चार दिवसांवर आलेली, मी ओट्याखालचं कपाट उघडते तर काय, मोदकपात्र नाही, खलबत्ता नाही, कूलरवरची ती मोठी रिकामी बाटली, तीही नाही... आणि मागच्या खोलीतून ढुम्म... खण्ण! जाऊन बघते तर आमची यशश्री मांडी घालून बसलीय, भोवती माझं अख्खं स्वयंपाकघर मांडलेलं, आणि माझ्या खवणीवर चमचा घासतेय. म्हटलं, बाई गं, हे काय? तर मान वर न करता म्हणाली, "आई, म्युझिक."

आता म्युझिक म्हटल्यावर पेटी-तबला नको का? नको! तिची मैत्रीण आहे ना, सफूरा, इथली ओमानी, अल खौदच्या युनिव्हर्सिटीत शिकलेली, ती मोबाइलवरचा गेम बनवतेय. एक मुलगी फलजमध्ये उतरते, फलज म्हणजे इथले जुने पाट हो, जमिनीखालून पाणी आणणारे, आणि गावाचं पाणी कुठे अडलंय ते शोधत एकेक दार उघडत जाते. सफूराची अट काय, तर एकही वाद्य वाजवायचं नाही, सगळं घरातल्या वस्तूंचं! रविवारी नमुना द्यायचा, आवडला तर अख्ख्या गेमचं संगीत यशश्रीचं, नाहीतर तयार आणून लावणार. पोरीने त्यापायी आलेली नोकरी थांबवून ठेवली होती, मग मी मोदकपात्रासाठी काय भांडणार?

बरं, तिचा मुख्य वादक कोण, ठाऊक आहे? मागच्या खोलीतला खिडकीचा एसी. खर्रर्र... टक. खर्रर्र... टक-टक. त्याच्या ठेक्यावर तिने बाकी सगळी भांडी बसवलेली. दोन वर्षं तो एसी तसा खरखरत होता, आणि आमचे हे, म्हणजे दयानंद, घेतलंच एकदा नाव, हे रुसैलच्या एका कंपनीत एसी मेकॅनिक! दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं. मस्कतभर ह्यांचं नाव की स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला, मूठ कानाला, आणि कुठे काय घासतंय ते न उघडता सांगणार. एकच मंत्र, "आवाज म्हणजे बिघाड." माझी चप्पल वाजली तरी बघतात हो, "टाच सुटलीय गं, आवाज म्हणजे बिघाड."

मी दोन वर्षं कानीकपाळी ओरडले, एसी बघा, एसी बघा. नाही बघितला. आणि कधी बघावा? त्या गुरुवारी! शुक्रवारी सफूरा चांगला माईक घेऊन रेकॉर्डिंगला येणार, यशश्री तिच्याकडे गेलेली, आणि ह्यांना एकाएकी लेकीची माया आली. पोर दिवसभर त्या खोलीत काम करते, तिला त्रास नको! उघडला एसी, पंख्याच्या दांड्याचा झिजलेला बुश बदलला, तेल दिलं, पंखा घासून लख्ख केला. पोर घरात आली, खोलीत गेली, आणि तशीच उलट्या पावली बाहेर आली.

"बाबा, तो आवाज कुठे गेला?"

हे म्हणतात, "खलास!" असे हसतायत, जणू किल्ला जिंकला. तिचे डोळे भरले तेव्हा कुठे ह्यांचं हसू उतरलं.

मग काय सांगू तुम्हाला, शुक्रवारभर हे एसी बिघडवत होते! स्क्रू ढिले केले, नुसतं हूं नाही. जुना बुश कचऱ्यातून शोधून परत घातला, तर भोंऽऽ करून अख्खी इमारत हलली. माईक घेऊन आलेली सफूरा बिचारी चहा पिऊन, माईक ठेवून गेली. हे घामाघूम, खाली बसले आणि म्हणाले, "सोनल, तीस वर्षं आवाज बंद करायला शिकलो गं. परत लावायला कुणी शिकवलंच नाही." जेवले नाहीत त्या दिवशी. मला इतकं वाईट वाटलं, वर रागही आला, दोन वर्षं थांबला होतात ना, अजून दोन दिवस थांबता येत नव्हतं?

शनिवारी सकाळी उठले आणि म्हणाले, चला रुसैलला, वर्कशॉपमागे भंगार पडलंय. मी पोह्यांचा डबा घेतला, दुसरं काय करणार? तिथे एसीतल्या मोडक्या ब्लोअरचा, म्हणजे पंख्यांचा, हा ढीग! हे एकेक वायर जोडून फिरवतायत, मूठ कानाला, "हा बेअरिंग गेलेला. ह्याचं पातं घासतंय. हा... नाही, हा आतून तुटलाय." यशश्री माईक पुढे धरून, कानाला हेडफोन लावून मान हलवतेय, नाही, नाही, हा थोडासा जमतोय. शेवटी ह्यांना राहवेना. हा चांगला आणि तो वाईट कसा गं? दोन्ही बिघाडच की! तिने हेडफोन काढून ह्यांच्या कानाला लावले. आत माझं मोदकपात्र ढुम्म, खलबत्ता खण्ण, आणि खाली त्या ब्लोअरची खर्रर्र... टक. हे तसेच उभे. ज्या आवाजामागे तीस वर्षं धावून धावून त्याला गप्प केलं, तो पहिल्यांदा नीट ऐकत होते हो. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. आणि मग हळूच म्हणतात, "रेग्युलेटर लावू का? ठेका जरा सावकाश पडेल." आता बोला!

रविवारी नमुना गेला, संध्याकाळी सफूराचा निरोप, यल्ला, म्हणजे चल, पूर्ण गेम तूच कर. त्या चतुर्थीला मोदक तळणीचे झाले, तेवढं सोडा.

पण खरी गंमत मागच्या महिन्यात, गेम बाजारात आल्यावर! अल खौदहून झरीनभाभींचा फोन, रत्नागिरीच्या त्या, एसीत काहीतरी घासतंय, लवकर या. हे गेले, शिडीवर चढले, मूठ कानाला, एसी ठणठणीत. आवाज चालूच. एसी बंद केला, तरी खर्रर्र... टक! शिडीवरून वळून बघतात तर मागे सोफ्यावर भाभींचे बदरुद्दीनभाई, साठी उलटलेला माणूस, चष्मा कपाळावर, फोनमध्ये डोकं घालून फलजच्या सातव्या दारापाशी अडकलेले.

घरी आले ते दोन तास उशिरा. मी विचारलं, मग, केलात का बंद आवाज? आवाज म्हणजे बिघाड ना?

"छे," म्हणाले, "वाढवून घेतला."

तेव्हापासून बापलेक दोघं घरभर टकटक करत फिरतात, दार वाजवून बघ, बादली वाजवून बघ, परवा तर माझ्या कुकरची शिट्टी नेली. सगळ्या घरात गप्प अशी एकच वस्तू उरलीय, मागच्या खोलीतला तो एसी. दुपारी मी त्याच्याचपाशी जाऊन बसते.