शिवम्मानं मागितलेला वारा

या, जवळ सरकून बसा. बुवा कीर्तनाला उभे राहायला अजून वेळ आहे, तोवर जोतिबाच्या रांगेत ऐकलेलं सांगतो. माझ्यापुढं शिवम्मा आणि तिचे यजमान सोमलिंग उभे होते. त्यांची लेक पवित्रा नौदलाच्या शिडाच्या जहाजावर, लांबच्या समुद्रांचा शोध घ्यायला गेलेली.

“अवो, मागल्या खेपंला म्या देवाला काय मागितलं, ठावं हाय?”

“काय?”

“पोरीच्या जहाजाला वाऱ्याचा तरास नको. वारा साफ थांबू दे.”

“अगं, शिडाचं जहाज वाऱ्यावरच चालतंय की.”

“मला काय म्हाईत? घाटात एसटी वाऱ्यानं हलली तरी मी डोळं मिटती.”

“म्हंजी नऊ दिस जहाज एका जागी उभं हाय, त्ये तुझ्यामुळं व्हय?”

“पवित्रा फोनवर म्हणाली, अव्वा, शिडं वाळत घातलेल्या लुगड्यागत लोंबत्यात. पाणी मोजून प्यायला लागतंय. तवापास्नं मीबी पाणी मोजूनच पिती.”

“मग आज वारा माग.”

“किती मागू? जास्त झाला तर?”

“गगनबावड्याच्या घाटात सुटतो, तेवढा नको. खळ्यावर उफणायला लागतो, तेवढा माग.”

“तेवढ्यावर चालंल जहाज?”

“त्ये मला तरी कुठं ठावं?”

“तुमीच मागा की.”

“मी म्हणतो, देवा, हिचं ऐकू नगो. पोरीला इचार, किती पायजे त्ये.”

“व्हय, तसंच म्हणा. जरा मोठ्यानं म्हणा.”

गाभाऱ्यापाशी शिवम्मा मागं वळली.

“पावणं, तुमीबी तिचं नाव घ्या.”

मी घेतलं. आता आरतीला हात जोडाल, तेव्हा तुम्हीही पवित्राची आठवण ठेवा.