साळूच्या छातीवरचा भोवरा

हॅलो? … हॅलो, कोण? … आरं गोरोबा, व्हय, म्या हरणाबाईच. जरा जोरात बोल, वाऱ्यानं तारा हालत्यात… दुष्काळातल्या खडीच्या कामावर होते रे. सोसायटीचा गुंडप्पा सायकल घेऊन आला, म्हणला पुण्यास्नं भावाचा ट्रंककॉल हाय. तशीच पळत आले. थांब, दम घेऊ दे…

व्हय, लेकरं बरी हैत. … आबा? आबा… हैत की. … न्हाय, ताप न्हाय. … आरं ऐक तर.

साळूचं? … झाली की तपासणी. परवा, तुळजापूरला. अश्वपैदास संघाचा डॉक्टर साहेब आलता. … सांगते, सांगते. तिकडं तबेल्यात रोज घोडी धरतूस, आन् घरच्या घोडीसाठी एवढा उतावळा?

आबांनी पहाटंच तिला धुवाय काढली. हितं प्यायला पाणी न्हाय, आन् ह्यांनी घागरभर घोडीवर वतलं. म्या बोलले, तर म्हणले, आज पोरीचं नाव संघाच्या पक्क्या बुकात चढणार, मळकी कशी नेऊ? डोक्याला नवा पटका. … व्हय, संघाचा पितळी बिल्ला बी. सभासद झाल्यापास्नं त्यो जेवताना बी काढत न्हाईत, ठावं न्हाय का तुला.

साहेबानं काठीनं उंची मापली, दात बघितले, खूर उचलून बघितले. मग बसप्पा नालबंदानं तिला पळवली, एकदा चालीनं, एकदा दुडकीनं. पाय कसा टाकती ते साहेब उकिडवा बसून बघत हुता. … गुण? लई दिले. सोळा घोड्यांत साळू पहिली. आबांचं त्वांड बघाय पाहिजे हुतं तू.

… न्हाय. … न्हाय रे. चढलं न्हाय नाव.

ऐकतूस ना? … सांगते की. शेवटाला साहेबानं तिच्या वळखीचं कार्ड काढलं. ती शिंगरू हुती तवा केल्यालं, तूच धरली हुतीस न्हवं तिला? घोड्याचं चित्तर, वर तांबड्या शाईनं खुणा. कपाळावरचा चांद जुळला. मागचा पांढरा पाय जुळला. आन् छातीवर केसांचा भोवरा लिवलेला. … व्हय. त्योच.

साहेबानं छातीवर हात फिरवला. भोवरा हाय कुठं तिथं? नुसता डागाचा वण. केस बी न्हाय उगवलं.

… कुणी म्हंजी? आबांनीच. महिना झाला. बाजारात कुणीतरी कानात भरवलं, छातीवर भोवरा म्हंजी धन्याचा घात, साहेब असल्या घोडीला दारात बी उभी करणार न्हाय. झालं. बसप्पाकडनं सळई तापवून घेतली. … म्या घरी न्हवते रे. असते तर हात धरला नसता का? … माज्यावर नगं वरडू. तुला कळतंय तसं त्यांना कुठनं मालूम? आपल्या आज्यानं, पणज्यानं भोवरं डागूनच घोडी बाजारात नेली. आबांना वाटलं, पोरीतला दोष काढला.

साहेब वाईट न्हवता. शांतपणानं म्हणला, बाबा, भोवरा चांगला का वाईट, आमाला काय देणंघेणं न्हाय. माणसाचा अंगठा तसा घोडीचा भोवरा. त्योच पुसला, मग ही साळूच हाय कशावरनं? दुष्काळात मेलेल्या घोडीचं कार्ड दुसरीला लावत्यात म्हणं लोक. … लावत असतील. आमी का तसले?

… रविवारी. बुकात चढलेल्या घोड्या संघाचा ट्रक छावणीत नेणार, पाऊस पडंपतूर चारापाणी तिथं. हितं काय हाय? छपराचं गवत काढून घातलं काल तिला. आन् गाभण हाय ती. शिंगराचा कागूद बी आईच्याच पानावर हुतो, आई न्हाय तर ते बी न्हाय. … मग काय, टांगेवाल्याला द्यायची, न्हायतर दावणीला मरताना बघायची.

… आरं, तेच सांगाय लागले. एक वाट हाय. कार्ड करताना जो हजर हुता त्यानं कळवायचं, हीच ती घोडी, भोवरा मालकानं डागला. तारेनं कळवलं तरी चालतंय. … करशील रे, ठावं हाय मला. पर फुडचं ऐक. खूण पुसणाऱ्या मालकाचं नाव संघातनं काढत्यात. नेम हाय तसा. बिल्ला परत द्यायचा. गोरोबा, घरोघर फिरून हितली माणसं संघात कुणी आणली? आबांनीच ना?

म्हणून म्हणते, तू आसं कळीव की लंगडत हुती, इलाज म्हणून डाग दिला. … खोटं हाय, मला काय कळत न्हाय? … व्हय, बसप्पाला इचारतील. … मग त्याला बी सांगू तसंच बोलाय. … बरं, नगं. नगं म्हणलं ना. तुजी बी नोकरी घोड्यांच्यातलीच. … मग काय करू म्या? बिल्ला काढा म्हणून त्यांना जाऊन सांगू? परवापास्नं जेवले न्हाईत. भाकर तशीच झाकलेली. गव्हाणीपाशी बसून त्या वणाला त्याल लावत्यात, केस उगवतंय का बघत्यात. मला बघवत न्हाय रे…

काय? तीन मिन्टं झाली? अहो आपरेटर बाई, वाढवा की जरा. … गोरोबा, हैस ना? … थांब. आबा दारात हैत. … कवापास्नं उभे हैत, काय ठावं. … आबा, आत या, बोला त्याच्याशी. … फोन घेत न्हाईत रे. बिल्ला काढून गुंडप्पाच्या टेबलावर ठिवलाय. … काय म्हणत्यात ते सांगते, ऐक. म्हणत्यात, खरं कळीव. माजं नाव खोडा, साळूचं लिवा.

ऐकलंस का? … गोरोबा? … हॅलो? हॅलो?

गुंडप्पा, कट झाला का हो? परत लावा की. … न्हाय लागत?

… व्हय आबा. ऐकलं त्यानं. समदं ऐकलं. आत्ताच तार करतो म्हणला.