पिठाचा गाल

(नारायण पेठेतली चावडी. पानिपताला तेरावं वर्ष लागलं आहे.)

दिगंबरपंत: हे हसणं नव्हे, दात दाखवणं झालं. पुन्हा.

श्रीनिवास: कारकून, जमत नाही.

दिगंबरपंत: जमवा. मोहिमेच्या चेहरेपट्टीत स्वच्छ लिहिलंय, "श्रीनिवास, शिलेदार, वर्ण सावळा, हसता डाव्या गाली खळी." सावळी अर्धी पेठ आहे. खळी दिसली तर घरी जा. नाही दिसली तर तोतया म्हणून गाढवावरून धिंड. गाढव सकाळपासून ताटकळलंय.

श्रीनिवास: पूर्वी पडायची.

दिगंबरपंत: पूर्वी पानिपताहून सगळेच परत येणार होते. तुळजाबाई, हे तुमचे यजमान का?

तुळजाबाई: आवाज यांचाच. पण यांना मी फाल्गुनात जाळलं, पंत.

दिगंबरपंत: हे जरा सविस्तर सांगा.

तुळजाबाई: बारा वर्षं वाट पाहिली. मग सासऱ्यांनी दर्भाचा पुतळा करवला. डोक्याच्या जागी नारळ, नारळावर पीठ थापलेलं. त्याला अग्नी दिला आणि माझ्या बांगड्या फोडल्या.

दिगंबरपंत: नारळ यांच्यासारखा दिसत होता?

तुळजाबाई: यांच्यापेक्षा शांत होता. पण खळी नव्हती. म्हटलं, वर कुणी ओळखलं नाही तर? गुरुजी पाठमोरे असताना मी पिठाच्या गालात अंगठा दाबला. आजवर कुणाला सांगितलं नाही.

श्रीनिवास: तिथी कोणती होती?

तुळजाबाई: वद्य पंचमी.

श्रीनिवास: त्या दिवशी मी ग्वाल्हेरात न्हाव्यापुढे बसलो होतो. तो फार विनोदी. मला हसू आलं की वस्तरा खळीत अडायचा, म्हणून गप्प बसा म्हणायचा. त्या सकाळी मी हसलो आणि वस्तरा सरळ गेला. न्हावीच गप्प झाला.

दिगंबरपंत: "खळी जळाली" असं लिहायला रकाना नाही. मयत आहे, हजर आहे, फितूर आहे. मधलं काही नाही.

तुळजाबाई: पंत, जरा भिंतीकडे तोंड करा.

दिगंबरपंत: पुराव्याकडे पाठ करता येत नाही. अहो, हे काय! परपुरुषाच्या गालाला हात?

तुळजाबाई: परपुरुष की कोण, ते तुम्ही अजून लिहिलेलं नाही.

दिगंबरपंत: बरं. खळी दिसते आहे. पण असा अंगठा रुतवला तर माझ्याही गालाला पडेल. काढा बाई. राहिली तर हजर लिहितो.

तुळजाबाई: अहो, गाल गार आहे तुमचा. काढू?

श्रीनिवास: थोडं थांब. त्या दिवशी गुरुजी खोकले आणि तू दचकून काढलास.