लाईन ओलांडू नये

मी पाचूबंदरची, कोळ्याघरची, आम्ही कॅथलिक. बाप होडीवर, आई मासळीची पाटी घेऊन वसई बाजारात बसायची, आनि मला पाटी नको होती म्हनून दहावी झाली तशी मी एका स्टुडिओत लागली, लगनात लाईट धरायला. हात भाजतो, तोंड भाजतं, वर नवरीची बहीन बोलते, जरा लांब धर गो, मेकअप उतरतोय. व्हिडिओ मालक काढायचा. मी म्हटलं मलापन कॅमेरा शिकवा, तर अख्ख्या मांडवासमोर बोलला, बाईमानसाच्या हातात कॅमेरा दिला तर साड्यांचाच व्हिडिओ निघंल, नवरा बाहेरच राहील. लोक हसले. मी लाईट तिथंच बंद केली, केक कापायच्या आधी, आनि घरी आली. काय मानूस होता, तुमी लिवून घ्या, तो मेला तरी मी मातीला जायची नाय.

मंग मी माजाच कॅमेरा घेतला, सेकंडहँड, डिजिटल, छोट्या टेपचा, तेव्हा ते नवीनच निघालेलं. त्याच्यासंगं जाडं पुस्तक, सगळं इंग्लिश. डिक्शनरी घेऊन बसली. व्हाईट बॅलन्स म्हंजे काय, तर आधी कॅमेऱ्याला पांढरा कागद दाखवायचा, म्हंजे त्याला पांढरं कशाला म्हनतात ते समजतं. आता बोला, एवढी महाग वस्तू आनि तिला पांढरं कळत नाय! आई म्हनायची, पुस्तक वाचून कुनी पोहायला शिकतं का. मी म्हटलं, शिकवनारा असता तर पुस्तक कुनी वाचलं असतं?

त्याच्यात एका पानावर जाड्या अक्षरात होतं, लाईन ओलांडू नये. म्हंजे मानसं चालतात त्या वाटेची एक लाईन मनात धरायची आनि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. पलीकडं गेलात तर पुढं जानारा मानूस मागं फिरल्यासारखा दिसतो. आमचा मालक चारी बाजूंनी नाचायचा, त्याच्या कॅसेटीत नवरी चर्चमधी येते का चर्चमधनं पळून जाते ते समजायचं नाय. मी ठरवलं, मी पुस्तकाप्रमानंच करनार, बघू कोन नाव ठेवतो.

पयलं काम आमच्याच गल्लीतलं, जसिंताकाकीच्या मुलाचं लगीन. काकीनं मला आपनहून बोलवलं, तेव्हा गोड होती माज्याशी. चर्चमधी मधून वाट, एका बाजूच्या बाकांवर नवऱ्याकडचे, दुसऱ्या बाजूला नवरीकडचे. काकी आमची, म्हनून मी नवऱ्याकडच्या बाजूला उभी राहिली आनि तिथनं हलली नाय. मिस्सा झाली, मांडवात आलो, तिथंपन तीच बाजू. काकीचा नवरा, इनासकाका, माज्या मागंच. खुर्ची आनून दिली, सरबत दिलं, म्हनाला पोरी, झकास चाललंय तुजं. संध्याकाळी स्टेजवर घरच्यांना घ्यायचं होतं, तर लाईट गेली ती गेली, आनि काळोखात पुस्तकपन काय करनार.

आता आलं का ध्यानात? मी त्यांच्या बाजूला, म्हंजे कॅमेऱ्यात समोरची बाजू. कॅसेट लावली तर नवरीकडचे सगळे, त्यांची आजी, त्यांच्या भावजया, जांभया देनारा मामा. आनि नवऱ्याकडचं कुनी नाय. काकी गल्लीत उभी राहून ओरडली, नवरीवाल्यांनी काय चारलं गो तुला? मी म्हटलं, काकी, मी तुमच्याच बाजूला होती म्हनून तुमी दिसला नाय. पुस्तक उघडून पान दाखवलं. तिनं ते घेतलं आनि गटारात टाकलं. मी काय बोलली ते लिवू नका.

त्याच पावसाळ्यात इनासकाका गेला, छातीत दुखलं आनि संपलं. मंग काकी आनखीच पिसाळली. मी रस्त्यात दिसली तर थुंकते, मला काम देनाऱ्याला घरी जाऊन सांगून येते, तिला देऊ नका. फोटो हायत की काकाचे, मी एकदा बोलली. तर म्हनाली, फोटोत तो हलत नाय.

कॅसेटीत त्याचा हात हाय. नवरी वाटेनं येते, माज्या कॅमेऱ्याची वायर आडवी पडलेली, बाजूनं एक हात येतो, करंगळी वाकडी, वायर उचलून धरतो, नवरी पुढं जाते, हात जातो. बस, तेवढाच काका.

आता सगळ्यांकडं सीडी. कॅसेट लावायची मशीन अख्ख्या गल्लीत माज्याकडंच राहिली. म्हनून दर वर्षी, काका गेला त्या दिवशी, काकी माज्या घरी येते. चाय घेत नाय. कॅसेट घरनं आनते, स्वतःच मशीनमधी घालते. सीडी करून देते म्हटलं तर बोलली, तुज्या हातात परत देनार नाय. त्या वायरीशी आलं की म्हनते, मागं घे. मी मागं घेते. परत म्हनते, मागं घे. मी घेते. मंग कॅसेट पदरात गुंडाळते आनि उंबऱ्यावरनं मला शिव्या देऊन जाते.

मी माफी मागितली नाय, मागनारपन नाय, मी बरोबर होती. पन ती मशीन मी पुसून ठेवते, तिचा पट्टा तुटला तेव्हा मुंबईला जाऊन शोधून आनला. काकी आता थकली, गुडघे धरून येते. देव तिला लांब आयुष्य देवो, आनि माज्या त्या मशीनलापन.