कान धरून कापलेले पोपट

मी तेल्हाऱ्याकडची. माहेरी राह्यली असती तं सारा जलम कापूस येचन्यात गेला असता, पन लगन झालं अन् अकोल्याले आली, कावून का आमचे हे कापसाच्या जिनिंगमंधी हमालीले होते. आमी बौद्ध झालो त्याच्या दुसऱ्याच साली मी छापखान्यात लागली. छापखाना म्हंजे पुस्तकाचा नाई बरं, लेबलाचा. तेलाचा डब्बा, अत्तराची शिशी, बिडीचा कट्टा, जे काई बजारात इकते त्याच्यावर चिकटवाचा कागद आमी करत होतो.

सात बाया होतो आमी, अन् सातीच्या हाती कैची. एका मोठ्या कागदावर चोवीस पोपट छापून येत, गोडतेलाच्या डब्ब्याचे, अन् चार-चार कागद एकावर एक ठेवून ते कापाचे, दिसभर कचकच कचकच. आंगठ्याले असा घट्टा पडला होता का तवा लागला तरी समजे नाई, खोटं नाई सांगत. अन् एखांद्याची चोच कापल्या गेली का मालक वरडत, कावून व बाई, बिनचोचीचा पोपट कोन घेते?

आता हे नीट आयका. छापनारा कागद घालतानी एकाच कोपऱ्यावर टेकवते, मंग छपाई त्या कोपऱ्यापासून बरोबर येते, बाकीच्या बाजूले कागद कमी-जास्त असते. म्हनून आमी तोच कोपरा चिमटीत धरून कापत होतो. त्याले आमी कान म्हनत होतो. कान धर व, तुहा कान सुटला व, असं दिसभर चाले. हे आमाले कोनं शिकवलं नाई, करता करताच समजलं.

मंग मालक मुंबईले गेले अन् कापाची मशीन घेऊन आले, बिजलीची! अय बाप्पा, काय सांगू तुमाले, बैलबंडीवरून उतरवाले आठ गडी लागले. हिरवीगार, चकचकीत, अन् पातं असं का त्यात तोंड पाहून भांग पाडावा. बटन दाबलं का वरून दाब येऊन कागद आवळून धरे, अन् पातं आपोआप खाली, खप्प! पाचशे कागद एका दमात! माह्या आंगावर काटाच आला, खुशीचा. गिरजाबाई, आमच्यातली सगळ्यात मोठी, ते म्हने, हासतं काय व येडे, आपली भाकर खायाले आली हे. खरंच होतं. मशीन लागली का बायाइले सुट्टी, असं मालकानं सांगूनच ठेवलं होतं.

पह्यल्या दिवशी मालक नारळ घेऊन उभे, अन् मुंबईचा फिटर बुशशर्ट घालून. त्यानं गठ्ठा ठोकून-ठाकून सारका केला, बटन दाबलं, खप्प! पाहतो तं काय, थोडे पोपट साबूत अन् बाकीच्याइच्या चोचा साफ. दुसरा गठ्ठा लावला, तोई तसाच. फिटर म्हने तुमची छपाई वाकडी आहे. छापनारा म्हने तुमची मशीन वाकडी. मालक घामाघूम, म्हने भीक नको पन कुत्रं आवर, घेऊन जा हे धूड वापस, माह्या कैच्याच बऱ्या.

गिरजाबाईनं मले चिमटा घेतला, चूप राय, कौसे. मले तं दिसून राह्यलं होतं ना, त्यानं गठ्ठा भलत्याच बाजूनं जुळवला होता. चूप राह्यली असती तं मशीन गेली असती अन् आमचं काम वाचलं असतं. पन माहा सभावच असा, चुकीचं पाहून गप बसनं जमत नाई, अन् ते पातं अजून एक डाव चालतानी पाहाचं होतं, कावून लपवू? मी तशीच पुढं झाली अन् जोऱ्यानं बोल्ली, साहेब, आंधी कान धरा!

फिटरचं तोंड लालेलाल. मालक म्हने, कौसल्ये, तुले लाज हाय का नाई, पाव्हन्या मानसाले कान धराले सांगतं? फिटर म्हने, मी कोणाची माफी मागायची, बाई? मले असं हासू आलं का बोलताच ये ना. म्हनलं, साहेब, तुमचे नाई हो, कागदाचे! नवा गठ्ठा ओढला, सारे कान एका कोपऱ्यात आनले, ठोकले अन् दाखवले. तो समजला, हुशार होता. तोच कोपरा मशीनले टेकवला, खप्प, खप्प, खप्प! एकूनएक पोपट चोचीसकट! छापनाऱ्यानं शिट्टीच मारली.

मालक म्हने, तूच चालव आता. हो म्हनाले तोंड उघडलं, तं तथी गिरजाबाई कैची पिशवीत घालून राह्यली होती. म्हनलं, मालक, हे मशीन घटकेत गठ्ठा खाते, इतके कान जुळवून देनं एकटीचं काम नाई, साती बाया पाह्यजेत, नाई तं मीई नाई. फिटरच म्हने, बाई बरोबर बोलतात, नाहीतर मशीन रिकामीच उभी राहील. मालकानं खूप येळ डोकं खाजवलं. साती राह्यलो.

जाता जाता फिटरनं एक छापील कागद काढला, मशीन कोनाच्या हवाली केली त्याचं नाव लिहाले. त्यावर लिहेल होतं, मशीनमन. म्हने, बाईचं कसं लिहू? मालक म्हने, लिहा, मशीनमन कौसल्या.

त्याले सात-आठ सालं झाले. परवा अमरावतीचा नवा व्यापारी आला, म्हने मशीनमनशी बोलाचं हाय. मी पदर खोचून बाहीर आली, म्हनलं बोला. तो माह्या मांगं पाहून राह्यला, अजून कोनी येते का म्हून. तं गिरजाबाई आतून वरडली, अहो भाऊ, तथी काय पाहता, हाच मशीनमन हाय आमचा, बांगड्यावाला! तुमी माहं येवढं आयकलं, भलं होवो तुमचं, चहा घेतल्याबगर जाऊ नका. मले उठू द्या, गठ्ठा लागला हाय.